तीन कोरडे दगड

या, पुढे सरका. खांबाआड कशाला बसता? कीर्तनाला उशिरा आलेल्या माणसालाही पुढे जागा करून देतात, आणि हा तर माझ्या दुकानाचा ओटा. शिलाईचं मशीन बंद केलंय, झांज खुंटीला टांगलीय. आज एका माणसाची गोष्ट सांगतो. भागू ढेबे त्याचं नाव. तो गेला, त्यानंतर चार वर्षं आमच्या भागात त्याच्याबद्दल एकच बोललं जायचं, की पाणी बघायला नेलेला माणूस पाणी बघायलाच चुकला. हे खरं की खोटं, ते जाणणारा माणूस एकच होता. तो कोण, ते गोष्टीत येईलच. तुम्ही फक्त मध्येच उठू नका.

"टेलरभाऊ, काजं पाडलीसा झ्याक, पर बटणं कुठं इसरलासा?"

भागूदादा माझ्या ताडपत्रीच्या कडेची भोकं बोटानं चाचपत होता. ताडपत्री मी चार दिवस खपून दुहेरी शिवणीनं शिवली होती, दोरी ओवायला कडेनं भोकं पाडून त्यांना काजं घातली होती. मला राग आला, पण ओठ दाबून हसूही आलं.

"भागू, छळू नकोस रे त्याला," विनायकबुवा म्हणाले. "पहिलीच खेप आहे केशवाची."

"मंग पयल्या खेपंलाच छळायचं. दुसऱ्या खेपंला मानूस सरावतंय."

विनायकबुवा आंबर्डेकर म्हणजे नारदीय कीर्तनकार. तेव्हा साठीला टेकले होते. मी त्यांच्यामागे झांज धरायचो. शिलाई हे माझं पोट होतं आणि झांज हा माझा जीव. पितृपक्षात कीर्तनाची बोलावणी येत नाहीत, म्हणून ते पंधरा दिवस बुवा गळ्यासाठी राखून ठेवत. त्यातले चार-पाच दिवस ते सातधारेच्या खोऱ्यात जाऊन राहत. मेटगावातून निघालं, की अडीच तासांची चढण, मग तितकीच उतरण, आणि खाली चहूबाजूंनी कडे असलेलं दाट रान. कड्यांवरून सात ठिकाणी पाणी कोसळतं. ना घर, ना देऊळ, ना पायवाट म्हणावी अशी वाट. तिथे सगळ्यांत मोठ्या धारेसमोर उभं राहून बुवा नमन गायचे. तीस पावलांवर पलीकडच्या खडकावर त्यांचा झांजवाला बसायचा. पाण्याच्या गर्जनेतून शब्द न् शब्द ऐकू आला, की त्यानं हात वर करायचा. हात वर होईपर्यंत गायचं. बुवांच्या गुरूंनी त्यांना हीच रीत घालून दिली होती.

त्या वर्षी आषाढात बुवांना ताप आला आणि जाताना आवाज घेऊन गेला. घटस्थापनेपासून नऊ दिवसांचं कीर्तन घेतलेलं, आणि गळ्यातून निघायचा तो फाटक्या कापडासारखा सूर. म्हणून बुवा त्या वर्षी खोऱ्यात जायला फार अधीर झाले होते. त्यांचा जुना झांजवाला गुडघ्यांनी अधू झाला होता, म्हणून मला नेलं.

भागूदादा वरच्या पठारावरच्या धनगरवाड्यातला. पन्नाशीचा, काटक. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, कमरेला कोयता. सात वर्षं तोच बुवांना आत नेत होता. खोऱ्यात शिरलं, की तिथली सत्ता त्याची.

"चूल हितं. भांडी धारंच्या खालच्या अंगाला घासायची, वर न्हाई. परसाकडंचा खड्डा त्या आंजनीच्या झाडापल्याड. अंधार पडल्यावं एकट्यानं पान्यावं जायचं न्हाई, गवा येतोय. आन् पायाला मीठ-तंबाखूचं पानी लावा, न्हाईतर जळवा तुमास्नी उचलून न्हेतील, टेलरभाऊ. तुमी हलकं हायसा."

आमचा मुक्काम एका सपाटीवर होता. पाठीशी उभा कडा आणि पुढून काळओढा. बाहेर पडायला एकच जागा, ओढ्याचा उतार. गुडघाभर पाण्यातून पंधरा-वीस पावलं चाललं, की पलीकडची वाट. उताराच्या खाली थोड्याच अंतरावर ओढा एका घळीत उडी घेत होता. तिकडे बघायला मला धीर होत नसे.

भागूदादानं कारवीच्या काठ्यांच्या माचीवर पाला पसरला, वर ताडपत्री ताणली. मग तो ओढ्याकाठी गेला. मी भांडी विसळत होतो, म्हणून मला दिसलं. त्यानं नारळाएवढे तीन गोटे निवडले. चंचीतली डबी काढून त्यांना चुना फासला, चांगला पांढराधोप. एक पाण्याच्या अगदी कडेशी ठेवला, दुसरा वीतभर वर, तिसरा त्याच्याही वर. ओळीत. मग पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि क्षणभर उभा राहिला.

मीही हात जोडले. मला वाटलं, हे त्यांचे देव. धनगरांचे देव दगडातच असतात, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्याच्या देवाबद्दल खोदून विचारू नये, नुसता नमस्कार करावा, असं आमच्या घरचं वळण. मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बुवा सकाळी उभे राहिले ते उन्हं कड्यावर चढेपर्यंत गात राहिले. मी समोरच्या खडकावर बसलो होतो. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, हात वर जात होता, पण शब्द पाण्यात विरघळून जात होते. मी हात वर केला नाही. एकदा मोह झाला. म्हाताऱ्या माणसाच्या मानेवरच्या शिरा ताठलेल्या बघवत नव्हत्या. पण खोटा हात वर करणं म्हणजे कीर्तनात खोटा ताल धरण्यासारखं.

बुवा परत आले, घोटभर पाणी प्याले, बसून राहिले.

"ऐकू आलं का काही?" घोगऱ्या आवाजात त्यांनी विचारलं.

"सूर आला बुवा. शब्द नाही."

"केशवा, खोटं बोलत नाहीस, म्हणून तुला आणलं."

हे वाक्य माझ्या काळजात अजून आहे. पुढे ऐका.

त्या दिवशी दुपारी नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं खाऊन झाल्यावर भागूदादानं घोंगडी उचलली.

"वर जाऊन येतो बुवा. म्हस व्यायला झालीया. बायकू एकली हाय. उंद्या दुपारच्या आत दूध घिऊन उतरतो."

"आणि पाऊस आला तर?" मी विचारलं. खोऱ्यात ऊन होतं, पण पठाराच्या बाजूला दुपारनंतर काळं दाटून येत होतं.

"आला तर आला. वरनं मला समदं दिसतंय. कड्यावं आलो की खाली बघतो. तुमी सुखानं गावा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आन् टेलरभाऊ, त्या तंबूला बटणं लावून ठेवा."

तो उतार ओलांडून गेला. त्याच्या धनगरी आडवाटेनं तासाभरातच वर, कड्याच्या कडेला, बोटाएवढा दिसला. हात हलवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. रात्री वर कुठेतरी गडगडलं होतं, आमच्यावर थेंब नव्हता. ओढ्यावर तोंड धुवायला गेलो, तर खालच्या पांढऱ्या दगडाला पाणी लागलं होतं. नुसतं लागलं नव्हतं, अर्धा दगड पाण्यात होता, आणि एक वाळकं पान येऊन त्याला चिकटलं होतं.

मला ते बघवलं नाही. गरीब माणसानं मांडलेला देव, आणि त्याला आमच्या खरकट्या भांड्यांचं पाणी लागतंय. बाजूलाच मी आदल्या दिवशी पातेलं घासलं होतं. मला माझी लाज वाटली. मी तिन्ही दगड उचलले. स्वच्छ पाण्यानं धुतले. चुना थोडा गेला, म्हणून राहिलेला नीट पसरवून लावला. आणि लगतच्या छातीभर उंच खडकावर, पाणी लागणार नाही असे ओळीत मांडले. तेरड्याची फुलं वाहिली. बुवांचा आवाज परत येऊ दे, म्हणून नमस्कार केला.

खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. कीर्तनात बुक्का लावल्यावर वाटतं तसं.

मग बुवा गायला उभे राहिले. मी माझ्या खडकावर गेलो. आणि साधारण तासाभरानं ते घडलं. आधी सूर आला, मग सूर स्थिर झाला, आणि मग त्या पाण्याच्या गर्जनेतून एक शब्द माझ्यापर्यंत आला. मग दुसरा. मग अख्खी ओळ, स्वच्छ, घासलेल्या घंगाळासारखी. मी हात वर केला. दोन्ही हात वर केले. बुवांनी पाहिलं आणि ते थांबले नाहीत, उलट चढत गेले. मी रडत होतो. धार मोठी झालीय, असं मला वाटत होतं, पण मनात आलं, आज बुवांचा आवाज त्याहून मोठा आहे.

किती वेळ गेला कोण जाणे. तुषारांनी माझं धोतर भिजलं, तेव्हा खाली बघितलं. ओढ्याचं पाणी तांबडं झालं होतं. फांद्या वाहत होत्या. मी ज्या दगडांवर पाय ठेवून खडकावर आलो होतो, ते दिसत नव्हते.

कसाबसा कमरेभर पाण्यातून सपाटीवर पोचलो. बुवाही धावत आले.

"उतार?" बुवांनी विचारलं.

उताराच्या जागी लाल पाणी लोटत होतं. आम्ही चुलीपाशी उभे राहिलो. पाणी चुलीपासून दहा हातांवर होतं. थोड्या वेळानं आठ. मागे कडा. बुवांनी उपरण्यात चिपळ्या बांधल्या, डोळे मिटले आणि नामस्मरण सुरू केलं. मला नामही सुचेना.

तेवढ्यात पलीकडच्या काठावर भागूदादा दिसला. धावत आला होता. दुधाची किटली त्यानं झाडाखाली ठेवली, खांद्यावरचा वाखाचा दोर सोडला. म्हशी बांधायचा, मनगटाएवढा जाड. एक टोक जांभळाला बांधलं, दुसरं कमरेला, आणि पाण्यात उतरला. मधोमध छातीपर्यंत बुडाला. दोनदा पाय सुटला. आमच्या बाजूला येऊन त्यानं दोर ऐनाच्या बुंध्याला ताणून बांधला. वाकून दम घेतला.

"आदी बुवा," तो म्हणाला.

"आधी केशवाला ने. त्याला पोरंबाळं आहेत."

"हितं माझं चालतंय बुवा. कीर्तनात तुमचं चालवा."

त्यानं बुवांना पुढे घेतलं, दोराला दोन्ही हातांनी धरायला लावलं, आणि मागून स्वतःच्या अंगाची भिंत करून त्यांना नेलं. पलीकडे बसवलं. मग परत आला. दोराला हात धरून, हळूहळू. पाणी तोवर चुलीत शिरलं होतं.

वर आला आणि त्याची नजर त्या खडकावर गेली. तीन पांढरे दगड, फुलं वाहिलेले. पाणी खडकाला भिडलं होतं, पण दगड अजूनही कोरडेच होते.

"हे हितं कुनी आनलं?"

"मी."

"कवा?"

"सकाळी. पाण्यात जात होते. मला वाटलं, तुमचा देव..."

तो माझ्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं.

"द्येव न्हवं टेलरभाऊ. पान्याची खूण व्हती ती, वरनं दिसावी म्हनून चुना लावल्याली. खालचा बुडला की आवरायचं. मधला बुडला की हातात घावंल ते घिऊन पल्याड व्हायचं. वरचा बुडला, की मंग उतरायचंच न्हाई." त्यानं तोंडावरचं पाणी पुसलं. "सकाळच्या पारी कड्यावं आलतो. खाली बघितलं. तिन्ही कोरडं. म्हनलं, हाय येळ. म्हस अडली व्हती, तिच्यापाशी जाऊन बसलो. तवाच उतरलो असतो तर गुडघाभर पान्यातनं चालत ग्येलो असतो समदी."

मी त्याचे पाय धरले. त्यानं मला दंडाला धरून उचललं.

"ही पाया पडायची येळ हाय व्हय? ऊठ." आणि मग, पहिल्यांदाच, टेलरभाऊ सोडून म्हणाला, "मला इचारायचं तरी, लेका."

दोराला हात घालण्याआधी तो थांबला. पलीकडे बुवा उभे राहून आमच्याकडे बघत होते.

"बुवास्नी ह्यातलं बोलू नगंस. त्यांचा लई जीव हाय तुज्यावं. आज गळा गवसलाय त्यांचा, मी वरनं उतरताना आयकला. पुन्यांदा बसंल."

आम्ही पाण्यात उतरलो. मी पुढे, तो मागे. त्याची छाती माझ्या पाठीला लागलेली होती, श्वास मानेवर. मधोमध माझे पाय तळाचे सुटले. त्यानं गुडघ्यानं मला वर रेटलं. पलीकडचा काठ चार हातांवर राहिला, तेव्हा बुवा ओरडले. मी मान वळवली. झाडाचा एक अख्खा बुंधा, मुळांसकट, आमच्यावर येत होता. भागूदादानं दोर सोडला. दोन्ही हात माझ्या पाठीला लावले आणि मला फेकलं. मी काठावरच्या मुळांत जाऊन पडलो. बुवांनी माझं मनगट धरलं.

मागे वळलो तेव्हा दोर तुटून वाहत होता. त्याचं मुंडासं एकदा दिसलं, घळीच्या तोंडाशी.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी खालच्या डोहात तो सापडला.

मेटगावच्या चावडीवर पंचनामा झाला. त्याची बायको, ठकूबाई, वरून आली होती. ती उभी होती, कुणी तिला बस म्हटलं नाही. पोलीस पाटलांनी विचारलं, "वर पाऊस पडत होता, तर तो लगेच का नाही उतरला?"

"कड्यावं जाऊन बघून आलं त्ये. म्हनलं, दगडं कोरडी हायती, येळ हाय. म्हस अडली व्हती."

"कोरडी? आणि तासाभरात छातीभर पाणी? अगं, नीट आठव. घेतली-बिघेतली नव्हती ना त्यानं?"

"त्येनं कदी हात लावला न्हाई दारूला. दगडं कोरडी व्हती. त्येच्या नजरंत खोट न्हवती."

पाटील पंचांकडे बघून हसले. बाई आहे, नवऱ्याची बाजू घेणारच, असं ते हसणं. कागदावर लिहिलं गेलं, नजरचुकीने पाण्याचा अंदाज न आल्याने. खाली सही करायला माझ्या हातात पेन दिलं. बुवा शेजारी बसले होते, त्यांचा हात माझ्या खांद्यावर. माझ्या कानात भागूदादाचं बोलणं होतं, बुवास्नी बोलू नगंस. मेलेल्या माणसाचा शब्द पाळायचा, असं मी मनाला सांगितलं. सही केली.

आता खरं सांगायला बसलोय, तर हेही सांगतो. शब्द पाळत होतो ते थोडं, आणि भीत होतो ते जास्त.

बुवांचा आवाज राहिला. त्या नवरात्रात त्यांनी असं कीर्तन केलं, की लोक देवळाबाहेर रस्त्यावर उभे. आणि पुढच्या वर्षापासून त्यांनी उत्तररंगात पुराणातलं आख्यान सोडून भागूदादाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. पूर्वरंगाला विषय घ्यायचे सावधपणाचा. माणसानं प्रत्येक श्वासाला जागं असावं. मग आख्यानात रान, धारा, भागूचे विनोद, सगळं यायचं. आणि मग बुवा आवाज खाली आणून म्हणायचे, "कड्यावर आला. खाली बघितलं. आणि सात वर्षांत कधी न चुकलेली ती नजर, त्या दिवशी चुकली!" मग एक क्षण शांतता. त्या शांततेनंतर मी झांज वाजवायची. मग बुवा म्हणायचे, "पण बंधूंनो, त्यानं आपली चूक स्वतःच्या प्राणांनी धुतली." बायका पदर डोळ्यांना लावायच्या. पुरुषही.

चार वर्षं मी त्या जागेवर झांज वाजवली. एकदाही ताल चुकला नाही.

पाचव्या वर्षी चैत्रात मेटगावच्या जत्रेत कीर्तन होतं. ऊन उतरल्यावर, देवळासमोरच्या मांडवात. कीर्तनाआधी मी चहाच्या गाड्यावर उभा होतो. शहरातून आलेली चार तरुण मुलं पाठीवर पिशव्या घेऊन वाट विचारत होती.

"सातधारेला जायचंय. कुणी वाटाड्या मिळेल का?"

"मिळंल की," गाडेवाला म्हणाला. "खालच्या आळीत इचारा. वरच्या ढेबेवाड्यातला घेऊ नका तेवढा. त्यास्नी पानी कळत न्हाई. बुवांचा वाटाड्या त्यातलाच, बुडाला न्हवं का."

बाजूला बाकड्याच्या टोकाशी एक बाई उभी होती, डोक्यावर तुपाचं मडकं. ती वळून निघून गेली. ठकूबाई होती ती. तिनं ऐकलं होतं, आणि चेहऱ्यावर काहीही दिसलं नव्हतं. रोज ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा असतो तसा.

कीर्तनाला ती शेवटच्या ओळीत बसली. वाड्यातली आणखी पाच-सात माणसं तिच्याबरोबर. जत्रेचं कीर्तन, म्हणून आली असणार. बुवांना चष्म्याशिवाय तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं. पूर्वरंग झाला, बुवांच्या गळ्यात हार पडला, बुक्का लागला. आणि बुवांनी भागूदादाची गोष्ट काढली.

रान आलं, धारा आल्या, काजं-बटणांचा विनोद आला, मांडव हसला. ठकूबाईही किंचित हसली. त्याचं बोलणं तिनं ओळखलं असणार. मग बुवांनी आवाज खाली आणला.

"...ती नजर, त्या दिवशी चुकली!"

शांतता. माझी पाळी.

झांज वाजली नाही. पेटीवाल्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. बुवांनी वाट बघितली, मग वळले. कीर्तन चालू असताना झांजवाल्यानं बोलायचं नसतं. उभ्या कीर्तनात मोडता घालण्यासारखं पाप नाही, असं मला लहानपणापासून शिकवलेलं.

"बुवा," मी म्हणालो, "तो चुकला नव्हता."

मांडवात कुजबुज झाली. कुणीतरी ओरडलं, "अहो, बसा की खाली!"

बुवांनी हात वर केला. कुजबुज थांबली. ते माझ्याजवळ आले.

"काय म्हणालास?"

"तो चुकला नव्हता. दगड मी हलवले होते. देव समजून. तुम्हाला सांगू नको म्हणाला होता."

बुवांचे डोळे माझ्यावर खिळले. अगदी हळू, मलाच ऐकू येईल असं म्हणाले, "चार वर्षं माझ्यामागे उभं राहून हे ऐकत होतास?"

"हो."

"आणि झांज वाजवत होतास."

"हो, बुवा."

त्यांनी माझ्या हातांतून झांज काढून घेतली. मला वाटलं, आता मला मांडवाबाहेर काढतील. त्यांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढला, व्यासपीठावर ठेवला, आणि माझ्या जागेवर, मागे, जाऊन उभे राहिले. झांज हातात धरून.

"सांग," ते म्हणाले. "पुढे हो. मोठ्यानं सांग. शेवटच्या ओळीपर्यंत शब्द पोचला पाहिजे."

मला सांगता येत नव्हतं. मी शिंपी माणूस. दोन वाक्यांत तीनदा अडखळलो. पण चुना सांगितला, वाळकं पान सांगितलं, तेरड्याची फुलं सांगितली. तो कड्यावर आला तेव्हा त्याला तीन दगड कोरडे दिसले, कारण ते मी उंच मांडले होते, हे सांगितलं. त्यानं विचारलेलं आणि मी उत्तर दिलेलं सांगितलं. मला फेकलं ते सांगितलं. आणि चावडीवर सही केली, तेही. अवघ्या दहा मिनिटांत माझं आख्यान संपलं. कुणी पदर डोळ्यांना लावला नाही.

बुवा मागून पुढे आले. शेवटच्या ओळीकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "भागूच्या घरचं कुणी आहे का इथं?"

ठकूबाई उठली. बुवा मांडवातून चालत गेले, लोक बाजूला सरकले. त्यांनी वाकून तिच्यापुढे जमिनीला हात लावला.

"माय, मी तुझ्या धन्याला गावोगाव चुकलेला म्हटलं."

ती बुवांकडे बघत नव्हती. माझ्याकडेही नाही. पुढच्या रांगेत, सतरंजीवर, पोलीस पाटील बसले होते. ती त्यांच्याकडे बघत होती.

"काय सांगितलं व्हतं म्या, पाटील? दगडं कोरडी व्हती म्हनून."

पाटील सतरंजीची कड सरळ करू लागले.

"लिवलेलं फिरवा आता," ती म्हणाली. आणि आपल्या माणसांना, "बसा रं. कीर्तन अर्ध्यावं सोडून जायचं नसतंय."

ती बसली. बुवा परत आले, झांज माझ्या हातात दिली. मी घेईना. "धर," ते म्हणाले. आणि त्यांनी ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली, खरी. माझं नाव घेऊन. त्या दिवशी त्यांचा आवाज दोनदा फुटला, आणि त्यांनी तो झाकला नाही.

कागद फिरला की नाही, मला ठाऊक नाही. ढेबेवाड्याचे वाटाडे पुन्हा खोऱ्यात लोकांना नेऊ लागले, एवढं मात्र मी डोळ्यांनी बघितलं. ठकूबाई माझ्याशी पुढे कधी बोलली नाही. ती का बोलावी? बुवा जाऊन आता अकरा वर्षं झाली. मी अजून कीर्तनाला जातो, झांज धरतो, आणि शांततेची जागा आली की आधी शेवटच्या ओळीकडे बघतो.

तुमच्यापैकी कुणी सातधारेला गेलात, रानात मुक्काम केलात, तर जेवायला बसण्याआधी त्याचं नाव एकदा घ्या. पूर्ण नाव घ्या. भागू धोंडू ढेबे. देवाला हात जोडताना आठवलं तर तिथेही घ्या. आणि कुणी म्हणालं, की तोच ना, पाण्याचा अंदाज चुकला तो, तर त्याला थांबवा आणि चुकलेल्या माणसाचं नाव सांगा. केशव बोंगाळे, शिंपी, मेटगाव.